वाट सांगताना नुसते बाण पाठवू नका

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घरोघरच्या ग्रुपांवर पाहुण्यांना वाट सांगणारे संदेश सुरू होतात. त्यांच्याबरोबर एक दावाही फिरतो: इमोजीतल्या प्रत्येक बाणाचा अर्थ युनिकोडने, म्हणजे संगणक-फोनवरच्या प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला क्रमांक व नाव देणाऱ्या जागतिक मानकाने, ठरवून दिलाय. वरचा बाण म्हणजे उत्तर, तिरका म्हणजे ईशान्य, 'बॅक' लिहिलेला म्हणजे गाडी मागे फिरवा. तेव्हा शब्द लिहीत बसू नका, बाण पाठवा, ते सगळ्या फोनवर सारखेच दिसतात आणि कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतील. हे खरे मानून परगावचा माणूस रात्री आमच्या आतल्या वाड्यांत शिरला तर त्याचे हाल होतात, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

ईशान्येच्या गोष्टीला थोडा आधार आहे. उजवीकडे वर जाणाऱ्या तिरक्या बाणाचे युनिकोडमधले नाव 'नॉर्थ ईस्ट ॲरो' असेच आहे. पण ते चिन्ह ओळखण्यापुरते नाव आहे. एकदा दिलेले नाव युनिकोड बदलत नाही, म्हणून ते टिकले. इमोजी म्हणून त्याच बाणाला आज 'अप-राइट ॲरो' म्हणतात. सरळ वर जाणाऱ्या बाणाच्या नावात तर 'नॉर्थ' कुठेच नाही. आणि बाण दिशा दाखवतो ती पडद्यावरची, पृथ्वीवरची नव्हे. बेतीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पणजीला यायचे तर पणजी समोर असते. रस्त्याच्या फलकावर 'सरळ पुढे' दाखवणारा बाणही वरच जातो. पण बेतीहून पणजी दक्षिणेला आहे. वरचा बाण म्हणजे उत्तर समजणारा माणूस मांडवी ओलांडायची सोडून पर्वरीच्या बाजूला वळेल.

'बॅक', 'एंड', 'ऑन', 'सून' आणि 'टॉप' हे शब्दांचे पाच बाण २०१० साली युनिकोड ६.० मध्ये आले. ते जपानी मोबाइल कंपन्यांच्या चिन्हसंचांतून घेतलेले आहेत. रस्त्याशी त्यांचा संबंध नाही. 'सून' आपल्याकडे नाटकाच्या किंवा जत्रेच्या जाहिरातीत 'लवकरच' या अर्थी दिसतो, तो वापर चांगलाच आहे.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो उजव्या बाणाने, आणि दाव्यात नेमका तोच सुटलाय. फोंड्याहून पणजीची वाट सांगताना आपण फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, बाणस्तारी अशी नावे लिहितो आणि मध्ये उजवे बाण टाकतो. तिथे बाण म्हणजे 'मग'. उजवीकडे वळा असे त्यात काहीच नाही. हीच रीत 'तिठा, देऊळ, घर' अशा छोट्या संदेशात वापरली की वाचणारा तिठ्यावर उजवीकडे वळू शकतो, आणि दोष त्याचा नसतो. एकच चिन्ह एका ओळीत क्रम दाखवते, दुसऱ्या ओळीत वळण. ठरवतात ते शेजारचे शब्द.

अर्थ पक्का असलेले बाणही असतात, पण ते इमोजी नव्हेत. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या माथ्यावर दुहेरी बाण दिसला तर तो संदेश पाच किंवा अधिक चॅटमधून पुढे पुढे येत तुमच्यापर्यंत पोचलाय. तो अर्थ कंपनीने ठरवला आणि जाहीर केला. इमोजीतल्या बाणाला असा कोणी धनी नाही.

सगळ्या फोनवर बाण सारखाच दिसतो हेही अर्धेच खरे. दिशा तीच राहते, रंग आणि चौकट कंपनीगणिक बदलते. हा मुद्दा किरकोळ आहे.

'कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतील' हे मात्र मला खरेच खटकते. दृष्टी नसलेल्या माणसाचा फोन संदेश वाचून दाखवतो, तेव्हा तो प्रत्येक बाणाचे नाव उच्चारतो. ओळीत पाच बाण असले तर पाच वेळा 'उजवा बाण' ऐकावे लागते आणि वाट कळत नाहीच. गावात रस्त्यांना नावे नसतात, घर सापडते ते वाड्याच्या, देवळाच्या, चर्चच्या खुणेने. लोकेशनची पिन जरूर पाठवा. सोबत वाड्याचे नाव, जवळची खूण आणि कुठल्या हाताला वळायचे ते अक्षरांत लिहा. बाण वापरायचा असेल तर त्या शब्दांच्या शेजारी ठेवा.