शेतातले तितर-लावे पकडणं हा गुन्हाच आहे

‘आपल्याच शेतातले तितर-लावे धरून खाल्ले तर कायदा आड येत नाही, बटेर तर दुकानात मिळतंच,’ हा मेसेज साफ चुकीचा आहे. दुकानातलं बटेर म्हणजे लाव्याची पोल्ट्रीत वाढवलेली जपानी जात. रानातला पक्षी वेगळा.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं कलम 9 शिकार करू नका म्हणतं. शेत कुणाचं, हे विचारत नाही. फास लावणं, अंडी फोडणं, घरटं मोडणं हीसुद्धा शिकारच. मटणाचा वाटा घेणाराही सुटत नाही.

नायलॉनचा फास पक्षी ओळखत नाही. तितरासाठी लावलेल्या फासात मोराचा पाय अडकतो, धडपडीत तो हाडापर्यंत कापला जातो. फास दिसला तर वनविभागाला 1926 वर कळवा.