सनरूफचा 'बॉम्ब' आणि तुंबलेली पन्हळ

दर उन्हाळ्यात एक मेसेज उगवतो, यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला. म्हणणं असं की पॅनोरामिक सनरूफवाली, म्हणजे छताला मोठी काच असलेली गाडी चुकूनही घेऊ नका, काच उन्हात बॉम्बसारखी फुटते, पावसाळ्यात छत गळणारच, छत कापलेलं असल्यामुळे गाडी उलटली की खेळ खल्लास, एसीला दुप्पट पेट्रोल लागतं, आणि परदेशात म्हणे यावर बंदी आलीये. मी चार वर्षं अशी गाडी वापरतोय, भक्त वगैरे नाही, पुढची गाडी घेताना सनरूफ घेईनच असंही नाही, पण मेसेजमध्ये खरं-खोटं इतकं कालवलंय की राहवेना.

बंदीचं आधी उरकतो. अशी बंदी नाहीये. टेस्लाच्या मॉडेल वायचं तर अख्खं छतच काचेचं आहे, आणि ती गाडी अमेरिका-युरोप सोडा, जुलै २०२५ पासून मुंबईत बीकेसीत शोरूममध्ये उभी आहे.

आता काच. दगड न लागता काच फुटल्याच्या घटना खऱ्या आहेत, ते नाकारत नाही. बऱ्याच गाड्यांत ही काच टफन्ड असते, म्हणजे सहाशे डिग्रीच्या वर तापवून गार हवेच्या झोताने झटकन थंड केलेली. त्यामुळे बाहेरचा थर दाबलेला राहतो आणि आतला ताणलेला, म्हणून ती मजबूत असते, पण तो तोल एका जागी बिघडला की सगळी काच एकदम दाणे-दाणे होते आणि आवाजही मोठा होतो. पण नुसतं ऊन हे कारण पुरत नाही हो, मे महिन्यात छत चटके देण्याइतकं तापलं तरी ही काच त्याहून कितीतरी जास्त सोसते. खरी कारणं म्हणजे कडेला बसलेला बारीक टवका, फिटिंगमधला ताण, किंवा काच बनवतानाच आत राहिलेला निकेल सल्फाइडचा कण, जो कधी कधी वर्षानुवर्षं हळूहळू फुगत राहतो. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०१७ साली सरकारी नोंदी चाळल्या तेव्हा १९९५ पासूनच्या ८५९ तक्रारी निघाल्या. सगळेच काही तक्रार करत नाहीत हे धरलं तरी त्या देशात वर्षाला कोटीच्या वर गाड्या विकल्या जातात, त्या मानाने हा आकडा किरकोळच. गाडी घेताना काच लॅमिनेटेड आहे का विचारा (बऱ्याचदा काचेच्या कोपऱ्यातच छापलेलं असतं), तिच्यात दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो, फुटली तरी ती त्याला चिकटून राहते. टफन्ड असेल तर हायवेला काचेखालचा ब्लाइंड, म्हणजे सरकता पडदा ओढून घ्या, निदान तुकडे डोक्यात पडणार नाहीत.

गळतीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं कारण इथे मीच पोळलोय. लोकांना वाटतं काचेभोवतीचं रबर पाणी अडवतं. रबर बरंचसं अडवतं, सगळं नाही, आणि थोडं पाणी आत येणार हे धरूनच डिझाइन केलेलं असतं! काचेखाली चारी बाजूंनी पन्हळ असते, कौलारू घराला असते तशीच, आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या छत पेलणाऱ्या खांबांच्या आतून खाली उतरतात नि पाणी गाडीखाली सोडतात. आमची गाडी कडुलिंबाखाली उभी असते, पानं आणि धूळ मिळून त्या नळीत असा काही चिखल झाला की दुसऱ्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट ओली, छताच्या कापडावर डाग. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला अख्खं युनिट बदला, आणि आकडा सांगितला तो ऐकून बायको हसायलाच लागली. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकने पातळ नायलॉनची वायर घालून पाऊण तासात नळी मोकळी केली. जूनच्या आधी सनरूफ उघडून पन्हळीत पेलाभर पाणी सावकाश ओता, खाली ठिबकलं तर ठीक. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, नळी आतल्या आत निसटते आणि मग खरंच छत उतरवावं लागतं.

मेसेजबरोबर धबधब्याखाली उभ्या केलेल्या महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनमध्ये वरून पाणी गळतानाचा २०२३ मधला व्हिडिओ पण फिरतो. कंपनीने नंतर तशीच गाडी धबधब्याखाली धरून आत कोरडं असल्याचा व्हिडिओ काढला, तो कुणी फॉरवर्ड करत नाही. तसं धबधबा म्हणजे काही पाऊस नव्हे.

छत 'कापलेलं' हे लोकल दुकानात पत्रा कापून सनरूफ बसवून घेतलं असेल तर खरंय, ते करूच नका. कंपनीच्या गाडीत भार मुख्यतः खांब, बाजूच्या पट्ट्या आणि आडव्या पट्ट्या घेतात, वरचा पातळ पत्रा नाही. पण ग्रुपवर ज्यांनी 'फाइव्ह स्टार आहे, छत भक्कमच' असं उत्तर दिलं तेही चुकतायत, हे स्टार देणाऱ्या भारत एनकॅप या क्रॅश टेस्टमध्ये समोरून, बाजूने आणि विजेच्या खांबासारख्या खांबावर धडक बघतात, छत दाबून बघत नाहीत.

एसी सुरुवातीला जास्त वेळ घेतो, ब्लाइंड बंद ठेवला तर फरक कमी होतो, दुप्पट पेट्रोल ही थाप. उंच माणसाला डोक्यावर जागा कमी पडते हे मात्र खरं आहे आणि नेमकं तेच मेसेजमध्ये नाही.

आणि सगळ्यात मोठा धोका तर त्यात चकार शब्दाने नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळूरूत सनरूफमधून वर उभ्या असलेल्या मुलाचं डोकं रस्त्यावरच्या उंची-अडथळ्याच्या लोखंडी बारवर आदळलं. हा मेसेज तिसऱ्यांदा टाकणाऱ्या काकांच्या डीपीत त्यांचा नातू सनरूफमधून कंबरेपर्यंत बाहेर येऊन हात हलवतोय.