मावळ्याचा चेहरा गुलाबी कसा?

दर दिवाळीला किल्ल्यासाठी मावळे रंगवायला बसते आणि दर दिवाळीला त्याच बाटलीपाशी डोकं फिरतं. बाटलीवर लिहिलंय ‘स्किन’. आत काय? फिकट गुलाबी! अहो, उन्हातान्हात डोंगर चढणारा माणूस असा दिसतो का? क्रेयोला या अमेरिकन खडू कंपनीने ‘फ्लेश’, म्हणजे अंगाचा रंग, अशा नावाच्या खडूचं नाव १९६२ सालीच बदलून ‘पीच’ केलं. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात अजून तोच गुलाबी, तेच नाव.

मग स्वतःच मिसळा. बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, जरासा पांढरा. पांढरा कणभर जास्त झाला की चेहरा राखेसारखा. सावलीला काळा घातला तर सगळं मळकट. चिमूटभर अल्ट्रामरीन निळा घातला तरच ती सावली अंगाची वाटते. एवढं जमवून पाच सेंटिमीटरच्या मावळ्याच्या गालावर लावावं, तर वाळल्यावर ॲक्रिलिक एक छटा गडद होतं. दुसरा हात द्यायला वळावं, तर ताटलीतला रंग सुकलेला. पुन्हा तीच छटा? मिळत नाही म्हणजे नाही. मावळ्याचं तोंड एका रंगाचं, हात दुसऱ्या.

ओल्या टिश्यूवर बटर पेपर ठेवून त्यावर रंग काढला की बराच वेळ टिकतो, ते ठीक. पण गहू, गूळ, भाजलेली माती, तांबूस काळा, एवढ्या छटा रोज अवतीभवती दिसतात. त्यातल्या चार तरी बाटलीत भरून द्या ना!