आम्हाला सद्भावना नकोय

बाबांसाठी घेतलेल्या ड्रिलच्या तक्रारीवर आज दुपारी विकणाऱ्या कंपनीचा मेसेज आला. उत्पादनात दोष आढळला नाही, तरीही एक विशेष बाब म्हणून, सद्भावनेपोटी, पूर्ण रक्कम परत करत आहोत, वस्तू परत पाठवायची गरज नाही.

पैसे मिळाले ना, मग आता कशाला चिडतेस, असं घरात दोघांनी विचारलं. तासभर मीही गप्प बसले. पण ते 'दोष आढळला नाही' काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

आढळला नाही म्हणजे काय? बघितलंय कुणी? ते ड्रिल अजून आमच्या टेबलावर पडलंय. तुमच्यातल्या एकाही माणसाने त्याला हात लावलेला नाही.

बाबांसाठी घेतलं होतं. बॅटरीवर चालणारं, कारण वायरीत पाय अडकायची भीती वाटते आता. ३२ वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. खोक्यावर २० व्होल्ट वाचून आधीच मान हलवली. "पाच सेल आहेत गं आत. एकेक ३.६ व्होल्टने धर, १८च होतात. पूर्ण चार्ज केल्यावर थोडा वेळ २१पर्यंत जातं, मधलाच आकडा छापलाय." ते सोडा, तसं सगळेच छापतात.

पार्सल आलं त्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी पहिलं भोक पाडलं. ६ मिलिमीटरचा बिट (भोक पाडणारी सळी), आणि भोक असं की स्क्रूसाठी भिंतीत बसवतात तो ६चा प्लग आत ढिला पडून गरागरा फिरत होता. बाबा एकच वाक्य बोलले, "हा आउट फिरतोय." म्हणजे बिट मधोमध सरळ न फिरता डगमगत फिरतोय.

आणि मग त्यांनी जे केलं ते मला इथे नीट सांगायचंय. बिट तीनदा काढून पुन्हा बसवला, कारण चकच्या, म्हणजे बिट पकडणाऱ्या भागाच्या, जबड्यात तिरका बसला तरी असंच होतं. मग दुसरा बिट लावला, तिसरा लावला, तिन्ही नवे. बिट वाकडा असेल ही शंकाही नको म्हणून एक सरळ गोल पिन धरून पाहिली. ती पण आउट. मला म्हणाले, "चक काढला की लगेच कळेल, स्पिंडल वाकडा आहे की चकच खराब आहे ते. आत डाव्या आट्याचा स्क्रू असतो, दोन मिनिटांचं काम. पण नको. उघडलं म्हणायला त्यांना निमित्त नको." (स्पिंडल म्हणजे चक ज्यावर बसतो तो फिरणारा दांडा.) हात शिवशिवत होते त्यांचे, तरी नाही उघडलं.

त्याच संध्याकाळी मी तक्रार केली. उत्तर आलं, व्हिडिओ पाठवा.

पाठवला. त्यांनी तो बघितला आणि लिहिलं, बिट स्थिर दिसतोय. आता मला सांगा, ते ड्रिल मिनिटाला १८०० फेरे फिरतं, म्हणजे सेकंदाला ३०. मोबाईलचा कॅमेराही सेकंदाला ३०च चित्रं घेतो. प्रत्येक चित्रात बिट जवळपास त्याच जागी सापडणार, मग तो स्थिर नाही दिसणार तर काय! हे मला बाबांनी समजावलं. हत्यारं विकणाऱ्या कंपनीत कुणालाच हे माहीत नसावं?

बाबा चिडले नाहीत. ड्रिल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) अलगद धरलं, बिटाच्या टोकाजवळ केसभर अंतर ठेवून एक खिळा रोवला आणि ट्रिगर अगदी हलका दाबला. दर फेरीला बिट एकदा खिळ्याला घासायचा आणि एकदा लांब जायचा. लहान मुलालाही दिसेल इतकं स्वच्छ. तो व्हिडिओ पाठवला. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी उत्तर आलं ते असं: रिटर्नची मुदत संपली आहे, शिवाय वापरकर्त्याने बिट योग्य रीतीने बसवला नसल्याची शक्यता आहे.

मुदत कुणामुळे संपली? मुदत सात दिवसांची, तक्रार मी चौथ्याच दिवशी केली होती. पुढचे चार दिवस तुम्ही उत्तर न देता घालवलेत. आणि 'योग्य रीतीने बसवला नसल्याची शक्यता'? कुणाला म्हणताय हे? त्या माणसाच्या हाताखाली शिकलेली पोरं आज स्वतःची वर्कशॉप चालवतात.

मान्य, लोक लबाडी करतात. शनिवार-रविवार हत्यार वापरून घेतात आणि सोमवारी खराब आहे म्हणून परत करतात. चॅटवरच्या मुलांच्या हातात काही नसतं हेही मान्य, त्यांच्यावर माझा राग नाही. पण म्हणून समोरचा प्रत्येक जण खोटारडाच, असं धरून चालायचं?

मधे एकदा पार्सल न्यायला माणूस आलाही होता. बॅटरी आहे म्हटल्यावर हात न लावता निघून गेला. लिथियम बॅटऱ्यांचे नियम कडक आहेत, नुसत्या बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला २०१६पासून बंदीच आहे, सगळं ठीक. पण आमच्याकडे आली तेव्हाही ती याच ड्रिलला लावलेली होती ना? येताना चालते आणि जाताना चालत नाही, हे कसं?

शेवटी मैत्रिणीने सांगितलं म्हणून मी लिहिलं की कार्डाने पैसे दिलेत, बँकेकडे चार्जबॅक मागते, म्हणजे बँकेनेच ते पैसे तुमच्याकडून परत मिळवून द्यायचे. (तुम्हीही हे लक्षात ठेवा. वस्तू सदोष निघाली हे त्यासाठी चालणारं कारण आहे, फक्त मुदतीत मागावं लागतं आणि सगळा पत्रव्यवहार जपून ठेवावा लागतो.) दुसऱ्याच दिवशी, म्हणजे आज, यांना सद्भावना सुचली.

ते माझे पैसे आहेत. मला कुणी भीक घातलेली नाही.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, पैसे आले. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मान्य केलं का त्यांनी?"

मला नाही म्हणवेना. तरी म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ते कुणी उघडून बघणारच नाही. त्या लॉटमधली बाकीचीही तशीच गेली असतील गं."

मी आत्ता पाहिलं. तेच ड्रिल अजून विक्रीला आहे, तेच फोटो, तेच २० व्होल्ट. मी त्याच्याखाली रिव्ह्यूत सविस्तर लिहिलंय, खिळ्याचा व्हिडिओही टाकलाय. अजून तो दिसत नाहीये, तपासणी चालू आहे म्हणे.

लिहायला बसले तेव्हा नुसता संताप होता. आता बाबांकडे बघून दुसरंच काही वाटतंय. ते टेबलाशी बसलेत. पैसे मिळाले, मुदतीची भीती गेली, म्हणून त्यांनी आत्ता तो चक काढला. स्पिंडलच वाकडा निघाला. चौकटीच्या वहीत त्याची आकृती काढतायत, पट्टी लावून, मापं टाकून, कुठे किती आउट आहे ते बाणांनी दाखवून. मला म्हणाले, चॅटवर नको, कारखान्याचा पत्ता शोध, पोस्टाने पाठवू.

खोक्यावर पत्ता फार बारीक छापलाय. भिंग आणायला उठतेय.