नळाला लावायच्या हीटरला अर्थिंग लागतेच

नाशिकला राहणाऱ्या माझ्या ताईने गेल्या आठवड्यात मला एक संदेश पुढे पाठवला आणि खाली लिहिले, ‘मागवलाय, चार दिवसांत येईल.’ संदेशाचा आशय असा : टाकीचा गीझर विसरा, नळालाच बसणारा विजेचा छोटा हीटर घ्या, तो तीन सेकंदांत हवे तेवढे गरम पाणी देतो, घरातल्या कोणत्याही प्लगवर चालतो, प्लास्टिकचा असल्यामुळे त्याला अर्थिंग लागत नाही, त्याने विजेचे बिल निम्म्यावर येते आणि ब्राझीलमध्ये तर घरोघरी हेच वापरतात. हाच संदेश यापूर्वी मला आणखी तिघांकडून आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. ती माझी चूक होती, म्हणून आता सविस्तर लिहितो.

अर्थिंगचा मुद्दा सर्वांत आधी घेतो, कारण तो जिवावर बेतणारा आहे. टाकीच्या गीझरमध्ये तापणारी तार धातूच्या नळीत, विद्युतरोधक भुकटीत बंद केलेली असते, त्यामुळे पाण्याचा तिच्याशी थेट संबंध येत नाही. झटपट तापवणाऱ्या हीटरचे मात्र दोन प्रकार असतात : एकात अशीच झाकलेली एलिमेंट असते, तर दुसऱ्यात उघडी तार असते आणि पाणी वीज वाहणाऱ्या त्या तारेला स्पर्श करून नळातून बाहेर पडते. या दुसऱ्या प्रकारात वीज माणसापर्यंत येते ती पाण्यातून. मग बाहेरचे आवरण प्लास्टिकचे असले तरी त्याचा उपयोग काय? पाण्यात उतरलेला प्रवाह वाटेतच जमिनीकडे वळवण्यासाठी पाण्याच्या मार्गात धातूचा भाग ठेवून तो अर्थला जोडतात. ती जोडणी नसेल, तर नळाखाली धरलेला हात हीच प्रवाहाची वाट ठरू शकते. झाकलेल्या एलिमेंटचे आवरणही क्षारांनी खाऊन फुटते, तेव्हा तिथेही अर्थिंगच वाचवते.

झटपट तापवणाऱ्या हीटरसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०३३५, भाग २-३५. आपल्याकडे त्याच्या जोडीचे आयएस ३०२, भाग २, विभाग ३५ आहे. उघड्या तारेच्या हीटरला पुरवलेल्या पाण्याची विद्युतरोधकता किती मर्यादेखाली जाऊ नये, हे सूचनापत्रात लिहिण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय मानक उत्पादकावर घालते. पाण्यात क्षार जितके अधिक, तितकी त्यातून वीज सुलभतेने वाहते. ताईच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी येते आणि तिच्या बादल्यांवर पांढरा थर बसतो. हा संदेश लिहिणाऱ्याने तिच्या घरचे पाणी पाहिलेले नाही.

‘एमसीबी आहे ना’ असे उत्तर मला लगेच मिळाले. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला आपोआप पडणारा स्विच, अतिभार आणि शॉर्टसर्किट ओळखतो. माणसाच्या जिवाला पुरेसा असलेला पन्नास-शंभर मिलिअँपिअरचा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लागतो. जुन्या घरांत तर अनेकदा सॉकेटला तीन भोके असतात, पण अर्थच्या पिनेला वायरच नसते किंवा ती न्यूट्रललाच जोडून ठेवलेली असते.

‘कोणताही प्लग’ हेही तितकेच घातक आहे. ३००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो. बेसिनजवळचा, शेव्हरसाठी किंवा मोबाइलसाठी असलेला ६ अँपिअरचा सॉकेट आणि त्यामागची बारीक वायर त्यासाठी नसते; ती आधी तापते, मग वितळते.

‘हवे तेवढे गरम पाणी’ हा तर साध्या गणिताचा प्रश्न आहे. थंडीत १५ अंशांचे पाणी ४० अंशांवर नेताना ३ किलोवॅटचा हीटर मिनिटाला जेमतेम १.७ लिटर देतो, म्हणजे २० लिटरची बादली भरायला बारा मिनिटांच्या आसपास लागतात. जर्मनीत अख्ख्या स्नानगृहाला पुरणारे टाकीविरहित हीटर १८ ते २४ किलोवॅटचे आणि थ्री फेजवर चालणारे असतात, ते याच कारणाने.

बिलाबाबत अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. टाकीचा गीझर दिवसभर चालू ठेवला, तर साठलेले पाणी निवत राहते आणि ती वीज वाया जाते. बेसिनपाशी दोन-तीन तांबे पाणी लागते तिथे झटपट हीटर खरोखर काटकसरीचा ठरतो. मात्र वर सांगितलेली बादली तापवायला सुमारे ०.५८ युनिट लागतेच, हीटर कोणताही असो.

ब्राझीलचे विधानही खरे आहे. तिथे शॉवरच्या तोंडातच हीटर असतो, अनेकदा ५५०० वॅटचा. परंतु त्याच देशाचे वायरिंगचे मानक, एनबीआर ५४१०, पाण्याचा हीटर सॉकेटमधून न जोडता थेट वायरिंगला जोडायला सांगते आणि स्नानगृहाच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षण मागते. संदेशाने ज्या देशाचा दाखला दिला, तिथलाच नियम त्याच्या ‘कोणत्याही प्लगवर’ या दाव्याच्या विरुद्ध आहे.

ताई, पार्सल आले असेल तर ते नळाला लावू नकोस, परत पाठव. बेसिनपाशी गरम पाणी हवेच असेल, तर झाकलेल्या एलिमेंटचा, आयएसआय चिन्ह असलेला तीन लिटरचा इन्स्टंट गीझर घेऊ. त्याआधी अर्थिंग तपासायला, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढायला आणि आरसीसीबी बसवायला मी रविवारी वायरमनला घेऊन येतो.