आजीचा गोटा आणि लाल रेघ

आज संध्याकाळी लेकीनं वही माझ्यापुढे टाकली आणि काही न बोलता आतल्या खोलीत निघून गेली. पाचवीत आहे ती. विज्ञानाचा प्रकल्प होता, विषय डायनोसॉर. आठ पानं, सगळी चित्रं तिनं स्वतः काढलेली. सात पानांवर बरोबरच्या खुणा. आठव्या पानावर तिनं लिहिलं होतं : ‘आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही डायनोसॉर होते. माझ्या आईच्या आजोळी त्यांचं शेण सापडतं, त्याचा दगड झालाय.’

त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ. बाजूला शेरा, ‘काल्पनिक माहिती लिहू नये.’

शांतपणे लिहायचं ठरवून बसले होते. जमेल असं वाटत नाही.

माझं आजोळ वरोऱ्याकडचं. पिसदुरा तिथून बैलगाडीनं जाता येईल एवढं. आजीच्या स्वयंपाकघरात चुलीच्या डाव्या अंगाला विरजणाचा गंज असायचा, त्यावर पितळी झाकण आणि झाकणावर एक गोटा. मोठ्या बटाट्याएवढा, मातकट करडा, एका टोकाला निमुळता, अंगावर आडव्या सुरकुत्या. दिसायचा त्याहून हाताला जड लागायचा. मामाला वखरताना वावरात सापडला होता. तसे पुष्कळ निघायचे म्हणे, हा बरा दिसला म्हणून घरी आला. आम्ही पोरं तो लगोरीसाठी पळवायचो आणि आजी मागून ओरडायची, “ठिव तो गोटा जागेवर, मांजर टपून बसलं हाये!”

वीसेक वर्षांनी भूशास्त्र शिकलेल्या एका मैत्रिणीच्या टेबलावर तसाच गोटा दिसला. मी तो उचलला आणि डोळ्यांआधी हातानं ओळखला. तेच वजन, त्याच सुरकुत्या. हे काय, असं विचारलं. ती म्हणाली, “शेण आहे. डायनोसॉरचं. पिसदुऱ्याचं.”

मी खुर्चीत बसले. खरंच, उभं राहवेना.

तर बाई, ही काल्पनिक माहिती नाही. पिसदुऱ्याच्या या शेणावर मॅटली नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञानं १९३९ साली लेख लिहिलाय. तुमचा माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. आणि २००५ साली याच शेणानं जगभरच्या शास्त्रज्ञांना आपलं म्हणणं बदलायला लावलं. तोवर सगळे धरून चालले होते की डायनोसॉरच्या काळात गवत जवळपास नव्हतंच, ते मागाहून पसरलं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनच्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी यांनी पिसदुऱ्याचं शेण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यात गवताचे कण निघाले. वनस्पती जमिनीतून पाण्याबरोबर सिलिका ओढून घेतात आणि पेशींमध्ये साठवतात. गवताची पात बोटाला कापते ती त्यामुळेच. पान कुजून जातं पण तो कण राहतो, आणि त्याच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. एक नाही, दोन नाही, निदान पाच प्रकारची गवतं होती त्या शेणात. शिवाय ताड-माडाच्या जातीची झाडं, सूचिपर्णी झाडं, असं बरंच काही. पुढे २०११ मध्ये तर भाताच्या कुळातल्या वनस्पतींचे कणही तिथल्या शेणात असल्याचं छापून आलं. भात! ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे आपण ज्या बांध्यांमध्ये चिखलणी करतो, त्या पिकाची चुलत पणजी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथेच कुणीतरी चरत होतं.

हे सगळं आजीच्या दह्यावर ठेवलेल्या गोट्यासारख्या गोट्यांतून कळलं. कुठल्या सिनेमातून नव्हे.

आणि त्याहून मला हलवून गेलेली गोष्ट म्हणजे त्या शेणात बुरशीही सापडली. पानांवर पडणाऱ्या रोगांची बुरशी, आज मिरचीवर करपा आणि वाटाण्यावर भुरी आणते त्या जातीची. म्हणजे तो प्राणी झाडाची रोगट पानं खात होता. माझा मामा पाठीवर पंप घेऊन त्याच भुरीवर फवारणी करत उभं आयुष्य फिरला, त्याच मातीत. हे वाचलं त्या रात्री मी मामाला फोन केला होता. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे हे दुखणं आपलं एकट्याचं न्हाई.”

आता कुणीतरी खाली लिहीलच की ते शेण नेमक्या कुठल्या डायनोसॉरचं हे छातीठोकपणे सांगता येतं का. नाही येत. त्याच थरांत लांब मानेच्या टायटॅनोसॉरची हाडं मिळतात म्हणून मोठे गोटे त्यांचे मानतात. आणि आजीचा गोटा कुणी प्रयोगशाळेत तपासलेला नाही, हेही खरं. झालं समाधान?

पण मला राग कशाचा येतोय ते सांगते. मागच्या महिन्यात सोसायटीत एका पोराचा वाढदिवस होता. केकवर टी. रेक्स, फुग्यांवर टी. रेक्स, रिटर्न गिफ्टच्या पिशवीतही टी. रेक्स. पोरांना तोंडपाठ, किती टनांचा, किती दातांचा. मी विचारलं, बारापासॉरस माहीत आहे का? एकालाही नाही. मोठ्यांनाही नाही. टी. रेक्स भारी आहे, पोरांना दातवालाच आवडणार, मान्य. पण दातवाला आपल्याकडेही होता ना! गुजरातेत रहियोलीला सापडला, डोक्यावर शिंग होतं, २००३ साली त्याचं नाव ठेवलं राजासॉरस नर्मदेन्सिस. नर्मदेच्या नावाचा डायनोसॉर आहे आणि आपल्या पोरांना तो कुणी सांगितलेला नाही.

आणि बारापासॉरस तर गडचिरोलीचा. सिरोंच्याकडे पोचमपल्लीजवळ १९६० च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी खणून काढला. तेव्हा तो चांदा जिल्हा होता. जवळपास ३०० हाडं, निदान सहा जनावरांची, आणि त्यांच्याबरोबर मोठमोठे दगड झालेले ओंडके. एकट्या मांडीचं हाड १.७ मीटर, माझ्यापेक्षा उंच. बंगालीत ‘बड़ो’ म्हणजे मोठा आणि ‘पा’ म्हणजे पाय, त्यावरून नाव पडलं बारापासॉरस. १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून नावाचा दुसरा भाग टागोराय. नाव सुंदर आहे, तक्रार नाही. पण तो उभा आहे कोलकात्यात. सिरोंच्याच्या पोराला आपल्या गावचा डायनोसॉर बघायचा तर आधी रेल्वे कुठून मिळते ते शोधावं लागेल. वरोऱ्याजवळच्या डोंगरगावचा आयसीसॉरसही त्याच संस्थेनं काढला, त्याच्या नावातलं ‘आयसी’ म्हणजे त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, ISI. त्यांनी घाम गाळला, नाव त्यांचंच हवं. आपण काय केलं हा माझा प्रश्न आहे. आपण लाल रेघ मारली.

जबलपूरला स्लीमन नावाच्या अधिकाऱ्याला १८२८ साली हाडं सापडली. ‘डायनोसॉर’ हा शब्दच १८४२ चा! आपल्याकडची हाडं त्या शब्दाहून चौदा वर्षांनी मोठी आहेत, आणि आपल्या शाळेत ती काल्पनिक.

(चहा पिऊन आले. जरा निवले.)

बाईंवर एवढं तोंडसुख घ्यायला नको होतं. वर लिहिलेलं पुसत नाही, कारण तेव्हा तेच वाटत होतं. पण त्यांना तरी कोण सांगणार होतं? त्यांच्या पाठ्यपुस्तकात नाही, प्रशिक्षणात नाही. एका वर्गात साठ पोरं, तपासायला साठ वह्या, त्यातली निम्मी इंटरनेटवरून उतरवलेली. अशात एखादी मुलगी लिहिते की आमच्या गावात डायनोसॉरचं शेण मिळतं. मीही तो गोटा दहा उन्हाळे हाताळला आणि मला तरी कुठे कळलं होतं?

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात पाडल्या नावाचं गाव आहे. तिथले लोक शेतात मिळणारे गोल दगड काकर भैरव म्हणून पुजायचे, शेताचा आणि गुराढोरांचा राखणदार म्हणून. नारळ वाढवायचे त्यांच्यापुढे. २०२३ मध्ये बातमी आली की ती टायटॅनोसॉरची अंडी आहेत. त्या बातमीखाली लोक किती हसले! मला अजिबात हसू आलं नाही. त्या लोकांनी निदान तो गोल दगड वेगळा आहे हे ओळखलं, जपून ठेवला. नाहीतर तो कधीच गिट्टीत गेला असता.

त्याच धार जिल्ह्यात शास्त्रज्ञांनी ९२ घरटी मोजली, २५६ अंडी. घरटी इतकी जवळजवळ की एवढ्या धिप्पाड आईला मध्ये वावरायला जागाच नाही, वावरली तर स्वतःचीच अंडी तुडवेल. म्हणून ती कासवासारखी अंडी पुरून निघून जात असावी, असं ते म्हणतात. गुजरातेत ढोली डुंगरीला असंच एक घरटं सापडलं. ते खणलं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांनी, पिसदुऱ्याच्या शेणावरही त्यांनी काम केलंय. बरीच वर्षं त्या दगडातली सगळी हाडं पिल्लाचीच वाटत होती. २००१ मध्ये अमेरिकेच्या जेफ विल्सन यांना त्यात सापाचे मणके दिसले. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, आणि शेजारी नुकतंच बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू. त्या क्षणी वरून वाळू-चिखल आला आणि सगळं तिथेच थांबलं. पिल्लाची आई कुठेतरी चरत असेल. ती गवत खात असेल का, असा विचार माझ्या मनात येतोच.

आजीचा गोटा आता नाही. मातीचं घर पाडून मामेभावानं स्लॅबचं बांधलं, तेव्हा जुन्या घरातलं काय काय पायाच्या भरणात गेलं. गोटाही गेला असणार. मी त्या दिवशी तिथे नव्हते.

मघाशी लेकीला बाहेर बोलावलं. सांगितलं की रेघ असू दे, पान फाडायचं नाही. बाईंना मी चिठ्ठी लिहीन, भांडणाची नाही. येत्या सुट्टीत पिसदुऱ्याला जाऊ, बाईंना यायचं असेल तर त्यांनाही नेऊ. गोटे बघायचे, हातात घ्यायचे आणि जिथल्या तिथे ठेवायचे. पिशवीत एकही नाही.

ती जरा वेळ वहीकडे बघत बसली. मग म्हणाली, “पणजीला माहीत असतं ते शेण आहे, तर तिनं दह्यावर ठेवलं असतं का गं?”

मला उत्तर येईना. आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला. आईनं क्षणाचाही विचार केला नाही.

“ठेवलंच असतं. मांजर काय कुठं जाणार होतं?”