वेस्टाची आग खरंच कधीच विझली नाही का?

परत तो मेसेज सगळीकडे फिरतोय, की प्राचीन रोममध्ये वेस्टा या चुलीच्या देवीच्या मंदिरातली आग अकराशे वर्षं एकदाही विझली नाही, विझली तर राखणाऱ्या कुमारिकेला जिवंत पुरायचे, आणि ही प्रथा वेदांमधून तिकडे गेली. वाचायला भारी वाटतं, पण तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी ते 'एकदाही'. रोमन लोक स्वतःच दरवर्षी १ मार्चला, म्हणजे त्यांच्या जुन्या वर्षारंभाला, ही आग नव्याने पेटवायचे. इ.स.पू. २४१ मध्ये तर मंदिरच जळालं, आणि इ.स.पू. २०६ मध्ये, रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल अजून इटलीतच ठाण मांडून होता तेव्हा, एका रात्री आग विझली. रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो की बाकी सगळ्या अपशकुनांपेक्षा लोक याला जास्त घाबरले, आणि तोच पुढे म्हणतो की हा देवांचा कोप वगैरे नव्हता, माणसाचा हलगर्जीपणा होता.

मग त्या रात्री जिची पाळी होती तिला पुरलं का? नाही, मुख्य पुरोहिताच्या हुकमाने चाबकाने फोडून काढलं. तेही भयंकरच, पण जिवंत पुरायची शिक्षा ब्रह्मचर्य मोडल्याबद्दल होती, दोन्हीची सरमिसळ करू नका प्लीज.

आग विझली तर दुसऱ्या चुलीवरून आणलेली चालायची नाही. शुभ मानलेल्या झाडाची फळी घ्यायची, ठिणगी पडेपर्यंत ती घुसळत राहायची आणि ती आग पितळी चाळणीत धरून कुमारिकेने आत न्यायची. मला तर न विझण्यापेक्षा ही मेहनतच जास्त पवित्र वाटते.

हे वाचून आपल्याला अरणी, म्हणजे यज्ञासाठी घुसळून आग काढायची लाकडं, आठवणारच, आणि साम्य खरंच आहे, गार्हपत्याचं, म्हणजे वैदिक यज्ञातल्या घरच्या अग्नीचं, कुंड गोल तसं वेस्टाचं मंदिरही गोल, द्युमेझिल या फ्रेंच अभ्यासकाने यावर बरंच लिहिलंय. पण म्हणून इथून तिथे गेलं असं होत नाही, संस्कृत आणि लॅटिन जशा एका जुन्या भाषेतून फुटल्या तसंच या विधींचंही मूळ दोघांच्या आधीचं असावं, म्हणजे नातं बहिणींचं, आई-मुलीचं नाही.

आणि हो, आग फक्त मंदिरात ती राखणाऱ्या सहा कुमारिकांची नव्हती. रोमन घरात जेवताना देवांचा वाटा चुलीत टाकायचे, तीही वेस्टाचीच पूजा. मेसेजसोबत गाभाऱ्यातली म्हणून जी मूर्ती फिरतेय तीही सोडून द्या, आत मूर्ती नव्हतीच असं रोमन कवी ओव्हिड सांगतो, तिथली आग हीच देवी.